परीक्षकाने बोलायचं नसतं

तिने विचारलं तेव्हा मी आधी मागे वळून पाहिलं. म्हटलं, माझ्या पाठीशी कुणी येऊन उभं राहिलंय की काय. मागे नुसती भिंत. पुढे पाहिलं तर चारही पोरं माझ्याकडे बघत होती, आणि छातीवर 'सी' हे अक्षर लावलेली मुलगी हात किंचित पुढे करून थांबली होती, पानावर बसलेल्या पाहुण्याला आपण 'घ्या ना अजून' म्हणतो तशी. "मॅम, यू आर सो क्वाएट. व्हॉट डू यू थिंक?" म्हणजे मलाच विचारत होती. मला! अगं बाई, परीक्षकाला असं विचारत नाहीत गं, हे मनात आलं. समोरच्या कोपऱ्यात लिंडा, माझ्यासोबतची परीक्षक, पेन कागदावर टेकवून तशीच राहिली. अशा वेळी आम्ही मान खाली घालून आपल्या कागदाकडे बघायचं, असा नियम आहे. मग पोरं ओशाळतात आणि आपापसात पुढे बोलू लागतात. मी आजवर कित्येकदा अशी मान खाली घातली आहे. त्या दिवशी नाही घातली. बोलले.

पेनसिल्व्हेनियातल्या या कॉलेजगावात बाहेरदेशांतून बिझनेस शिकायला आलेल्या मुलांची बोलण्याच्या इंग्रजीची एक परीक्षा असते. ती पास झाल्याशिवाय उन्हाळ्यातल्या इंटर्नशिपला परवानगी मिळत नाही, आणि इंटर्नशिप नाही म्हणजे पुढे नोकरीच्या नावाने शंख. चौघांना एका गोल टेबलाशी बसवतात, त्यांची नावं काढून घेऊन छातीवर ए, बी, सी, डी अशी अक्षरं लावतात, कुठल्यातरी कंपनीची अडचण लिहिलेलं कार्ड देतात आणि सांगतात, बोला आपापसात, तोडगा काढा. दोन कोपऱ्यांत आम्ही दोघी. उच्चार, ओघ, शब्द यांचे मार्क वेगळे आणि इंटरॅक्शनचे वेगळे. म्हणजे दुसऱ्याचं ऐकतो का, मध्येच तोडतो का, गप्प बसलेल्याला बोलतं करतो का. आम्ही मात्र काही म्हणजे काही बोलायचं नाही. हसायचं नाही, मान डोलवायची नाही, शिंक आली तर ती रुमालात. खुर्ची, टेबल आणि परीक्षक, तिन्ही एकाच जातीची. मला हे काम फार आवडतं, हे मी कुणाला सांगितलेलं नाही. मी इथल्याच एका छोट्या कॉलेजात वर्षानुवर्षं इंग्रजी शिकवलं, रिटायर झाले, आणि आता वर्षातून काही आठवडे हे परीक्षांचे असतात. बाकीची माणसं दिवाळीची वाट बघतात, मी या आठवड्यांची बघते. एका खोलीत चार माणसं बोलताहेत आणि मी तिथे बसले आहे, बस्स, एवढंच. घरी गेल्यावरही त्यांची वाक्यं डोक्यात घुमत राहतात. परवा भाजी चिरताना मी मोठ्याने म्हणाले, "आय सी युअर पॉइंट, बट लेट मी ॲड समथिंग," आणि स्वतःशीच हसले. ॲड करायला समोर होतं कोण? तोंडली.

या परीक्षेची एक गोम आहे आणि ती बाहेरच्यांना कळत नाही. माणूस कसा बोलतो हे नुसतं त्याच्यावर नसतं, त्याच्या समोर कोण बसलंय यावर असतं. तोच मुलगा एका टेबलाशी पोपटासारखा बोलतो आणि दुसऱ्या टेबलाशी, एखाद्या बडबड्या डी शेजारी बसवला की, त्याच्या तोंडून शब्द फुटत नाही. आम्ही मार्क त्याला देतो. खरं तर ते टेबलाला द्यायला हवेत. मी हे मीटिंगमध्ये एकदा म्हणाले होते तर सगळ्यांनी मान डोलावली आणि पुढचा विषय घेतला. मी काही सिद्धांत मांडत नव्हते, मला प्रताप आठवत होता. प्रताप माझा नवरा. आमचा नील शाळेत होता तेव्हा प्रतापला ओहायोत, डब्लिनला, चांगली नोकरी मिळाली आणि माझी इथली पक्की होती. दोनच वर्षांचा प्रश्न आहे, असं तेव्हा ठरलं. आधी तो दर शुक्रवारी यायचा, मग एक आड एक, मग थंडीत रस्ते वाईट म्हणून महिन्यातून एकदा. नील शिकून दूर नोव्हाय नावाच्या गावी गाड्यांच्या कंपनीत लागला, प्रताप रिटायर झाला, मी झाले, आणि तरी तो तिथेच आहे. तिथे मंडळ आहे, देऊळ आहे, पत्त्यांचा अड्डा आहे, आणि इथे काय आहे? असं तो विचारतो आणि मला 'मी आहे' हे उत्तर वेळेवर सुचत नाही. आम्ही वेगळे झालो नाही. एकत्र यायचं राहून गेलं, एवढंच. रोज संध्याकाळी फोन येतो. "जेवलीस?" "हो. तू?" "हो. थंडी?" "आहे." "चल मग." यात चूक काढायला जागा नाही. उच्चार स्वच्छ, ओघ उत्तम. इंटरॅक्शनला मी असल्या जोडीला काठावरसुद्धा पास करणार नाही. रविवारी नीलचा व्हिडिओ कॉल असतो, त्यात नात अनया स्क्रीनवर अर्धी येते, "हाय आजी, आय हॅव टु गो," आणि जातेसुद्धा. चांगलं आहे पोरीचं इंग्रजी.

आणि मी मूळची गप्प बाई नाही हो. अमरावतीला आमच्या घरात सगळे एकदम बोलायचे. टर्न-टेकिंग वगैरे थेरं नव्हतीच, ज्याचा आवाज मोठा त्याचा टर्न. पण एक रीत होती. खोलीत जो कुणी बसला असेल त्याला विचारल्याशिवाय कुठली गोष्ट ठरायची नाही. काल नेलेलं भांडं परत करायला आलेल्या शेजारच्या काकूंनाही आई विचारायची, "तुम्ही सांगा वहिनी, हिला सायन्सला घालावं की आर्ट्सला?" त्या बिचाऱ्या भांडं हातात घेऊन पाच मिनिटं गंभीरपणे विचार करायच्या. त्यांचं कुणी ऐकायचं नाही तो भाग निराळा. पण माणूस समोर बसलंय आणि त्याच्या डोक्यावरून आपण बोलतोय, हे शोभायचं नाही. म्हणून त्या मुलीने हात पुढे करून मला विचारलं तेव्हा मला क्षणात वाटलं, ही आपल्याकडची आहे. ही चूक दुसरं कुणी करणारच नाही. गोऱ्या पोरांना कोपऱ्यातली बाई दिसत नाही, कोरियातली पोरं बिचारी दिसली तरी धाकाने नजर वळवतात. आपली पोरगीच अशी, की एक वयस्क बाई इतका वेळ तोंड मिटून बसली आहे हे तिला सहन होईना. नंतर यादीत पाहिलं, सी म्हणजे सावनी. नाशिकची. मी चुकले नव्हते, निदान तेवढ्यात.

त्यांच्या कार्डावरची अडचण अशी होती. प्लॅस्टिकचे सुटे भाग करणाऱ्या एका कंपनीत रॉबर्ट नावाचा जुना माणूस आहे, त्याला कामाची सगळी माहिती आहे, पण नवं सॉफ्टवेअर येत नाही आणि तो मीटिंगमध्ये बोलत नाही. त्याला काढायचं, शिकवायचं, की दुसऱ्या खात्यात टाकायचं? ए म्हणाला, काढा. बी म्हणाली, आधी ट्रेनिंग. डी आकडे सांगत सुटला. सावनीने एकेकाला विचारलं, तुझं काय, तुझं काय, आणि मग ती थांबली, आणि मग तिची नजर माझ्यावर आली. मी काय म्हणाले? मी म्हणाले, तुम्ही सगळे त्याच्याविषयी बोलताय, त्याला कुणी विचारलं का? तो मीटिंगमध्ये बोलत नाही म्हणता, पण विचारून झाल्यावर त्याच्यासाठी कुणी थांबतं का? बरीच वर्षं कुणी काही विचारलं नाही की माणसाला उत्तर शोधायला वेळ लागतो. तेवढ्यात समोरचा पुढे गेलेला असतो. मग तो घरी जातो. घरीही कुणी नसतं, किंवा असतं ते फोनवर असतं. इथे मी थांबायला हवं होतं. उचलली जीभ लावली टाळ्याला म्हणतात तसं झालं, थांबलेच नाही. रॉबर्टला संध्याकाळी काय वाटतं, तो टीव्ही कशासाठी लावतो, दुकानात कुणी आपल्या भाषेत फोनवर बोलत असलं की तांदळाच्या पोत्यांपाशी उगाच का रेंगाळतो, सगळं सांगितलं. म्हणजे कार्डावरच्या रॉबर्टला आपल्या भाषेतली दुकानंसुद्धा दिली मी! लिंडा दोनदा खाकरली तेव्हा माझं वाक्य अर्ध्यात तुटलं. सावनीने माझ्याकडे बघून, अगदी अदबीने, "थँक यू मॅम, दॅट्स अ ग्रेट पॉइंट," म्हटलं आणि चर्चा पुढे नेली. ग्रेट पॉइंट. माझे कान गरम झाले होते आणि मी लहान मुलीसारखी खूश होते. किती खूश, ते सांगायला लाज वाटते.

पोरं गेल्यावर लिंडाने दार लावून घेतलं. लिंडा चांगली बाई आहे, आम्ही कित्येक वर्षं एकत्र डबा खातो, ती तिचा पालापाचोळा आणि मी माझी पोळी. ती म्हणाली, सुहा, बरी आहेस ना तू? मी म्हटलं, बरी आहे. मग तिने सरळ सांगितलं. दोनच वाटा आहेत. पहिली म्हणजे सीने परीक्षकाला प्रश्न विचारला, हा तिचा नियमभंग, इंटरॅक्शनला तिला शून्य, बाकी तिघांचे मार्क आहेत तसे. तुझं बोलणं मी ऐकलेलं नाही. रेकॉर्डिंग आहे, पण कुणी तक्रार केल्याशिवाय ते कुणी ऐकत नाही, आणि सी कशाला तक्रार करेल, तिला तर तिचीच चूक वाटणार. दुसरी वाट म्हणजे परीक्षकाने उत्तर दिलं असं आपण कळवायचं. मग दोष परीक्षकाचा, चौघांची परीक्षा रद्द, पुन्हा घ्यायची, आणि तू पॅनेलवरून बाहेर. यात तडजोड नाही, तुला ठाऊक आहे. शून्य मिळालं तर सी नापास होईल ना, मी विचारलं. होईल, लिंडा म्हणाली, पण पुढच्या सेमिस्टरला देईल की परत. पुढच्या सेमिस्टरला! तोवर उन्हाळा गेला, इंटर्नशिप गेली. लिंडाला ते माहीत होतं, ती माझ्यासाठी न माहीत असल्यासारखं करत होती. मला तिची मायाही वाटली आणि असा संतापही आला, की तिचं ते निळं पेन उचलून खिडकीबाहेर फेकावं. म्हटलं, मला थोडा वेळ दे.

कॉरिडॉरमध्ये येऊन मी प्रतापला फोन लावला. आमच्या फोनची ही वेळ नव्हे. आमचा फोन संध्याकाळचा, आणि तोच करतो. का लावला म्हणाल तर मला वाटत होतं, तो म्हणेल, तू काय बोललीस ते सांग तरी. एवढंच हवं होतं. त्याने घाईघाईने उचलला. "काय झालं? पडलीस का?" मागे माणसं हसत होती, पत्ते पिसल्याचा आवाज येत होता. मी म्हटलं, पडले नाही, आणि थोडक्यात सगळं सांगितलं. तो "हं, हं" म्हणत राहिला. मग म्हणाला, "अगं, मग तुझी मैत्रीण बरोबर सांगतेय. कशाला उगाच हात दाखवून अवलक्षण? पोरगी तरुण आहे, देईल परत. तू गप्प बस ना. तुला छान जमतं ते." यात टोमणा नव्हता. त्याचं हेच मला सोसत नाही, तो टोमणा मारत नाही. टोमणा मारायलाही माणूस समोरच्याकडे बघतो. मागून कुणीतरी ओरडलं, "प्रतापराव, उतारी तुमची!" आणि तो म्हणाला, "चल मग, संध्याकाळी बोलू." मी म्हटलं, "चल." आणि फोन बंद झाल्यावरही थोडा वेळ कानाला तसाच धरून उभी राहिले, येणाऱ्या-जाणाऱ्यांना वाटावं की बाई कुणाशी तरी बोलतेय.

छान जमतं! मी कॉरिडॉरमध्ये खरोखर मोठ्याने म्हणाले, "छान जमतं म्हणे." एका पोराने दचकून इयरफोन काढला. मला ते कधीच जमत नव्हतं, मला ते करावं लागलं. आधी आठवड्याचे चार दिवस, मग चौदा दिवस, मग सगळेच. आणि ज्या एका दिवशी मी बोलले तो दिवस झाला नाही असं धरायचं, आणि त्याची शिक्षा त्या पोरीला, जिने मला विचारलं. मला ही खोली सुटेल याची भीती वाटत होती, खोटं कशाला बोलू? परीक्षेचे आठवडे गेले की माझ्याकडे उरतं काय? पुन्हा तोंडलीच. तरी मी परत आत गेले आणि लिंडाला म्हटलं, कळव. ती म्हणाली, "मला नव्हे, सुहा, तुलाच कळवावं लागेल." मग तिथेच तिच्या लॅपटॉपवर मी दोन ओळी लिहिल्या, की प्रश्नाला उत्तर मी दिलं, उमेदवारांचा काही दोष नाही, आणि बटण दाबलं. लिंडाने मला मिठी मारली. मी माझं नावाचं कार्ड गळ्यातून काढून टेबलावर ठेवलं. तिने ते उचलून परत माझ्या पर्समध्ये घातलं, राहू दे म्हणाली आठवण.

कॅम्पसच्या बसस्टॉपवर वारा नाकाचा शेंडा तोडत होता. पार्किंगच्या कडेला ढकलून ठेवलेल्या बर्फाचे ढीग मळकट काळे झाले होते. मी कोटात मान खुपसून उभी होते तर मागून आवाज आला, "एक्स्क्यूज मी, तुम्ही मराठी आहात ना? म्हणजे, कार्डावर नाव होतं ना तुमचं..." सावनी. जवळून फारच लहान दिसत होती, टोपीतून बटा बाहेर आलेल्या. निकाल लागेपर्यंत परीक्षकाने उमेदवाराशी बोलायचं नसतं. पण आता मी कुठे परीक्षक होते? एवढं सुख होतं त्यात. म्हटलं, "मराठीच आहे. बोल." "काकू म्हटलं तर चालेल? काकू, आत्ताच मेल आला. मंडेला रीटेस्ट आहे आमची. ॲडमिनिस्ट्रेटिव्ह रीझन म्हणे. माझ्यामुळे झालं का? मी तुम्हाला विचारलं म्हणून?" तिचे डोळे भरले होते. "नाही गं. मी उत्तर दिलं म्हणून." "म्हणजे मी फेल नाही ना?" "नाही. तुझं काहीच चुकलं नाही." तिने असा श्वास सोडला की तिच्या तोंडापुढे वाफेचा ढग झाला. "थँक गॉड यार," म्हणाली, आणि जीभ चावली. "सॉरी, काकू."

बस वळणावर दिसायला अजून वेळ होता. मी विचारलं. विचारू नये असं कळत होतं तरी विचारलं. "तुला का गं मला विचारावंसं वाटलं?" मला काय ऐकायचं होतं ते मला पक्कं माहीत होतं. आमच्या घरी असंच विचारतात काकू, असं काहीतरी. किंवा, तुम्ही एकट्या वाटलात. तेही चाललं असतं. सावनी ओशाळून हसली. "खरं सांगू? मी ब्लँक झाले होते. त्या तिघांना विचारून झालं होतं आणि पुढे काही सुचतच नव्हतं. वर्कशॉपमध्ये सांगितलं होतं ना, अडलात तर क्वाएट पर्सनला इन्व्हाइट करा, पॉइंट मिळतो. तर क्वाएट कोण आहे म्हणून बघितलं, आणि तुम्हीच दिसलात. मग तोंडातून निघून गेलं." मी म्हटलं, "अस्सं." ती पुढे म्हणाली, "आणि काकू, डोंट माइंड हं, पण तुम्ही काय बोललात ते मला काहीच कळलं नाही. मी मनात नेक्स्ट सेंटेन्स जुळवत होते. फक्त तुमचं संपलं की 'ग्रेट पॉइंट' म्हणायचं, एवढंच लक्षात होतं."

मला राग आला का? आला. पण तो तिच्यावर धरावा असं काही तिच्या चेहऱ्यावर नव्हतं. परक्या देशात, परक्या भाषेत, चार जणांत उरावर परीक्षा घेऊन बसलेली पोर ती. तिने हाताला आलेलं वाक्य उचललं, आणि त्या वाक्यावर मी माझी सगळी वर्षं नेऊन टेकवली. लिंडाने ऐकलं ते नियम मोडला म्हणून. ए, बी आणि डी आपापल्या पाळीची वाट बघत असणार. म्हणजे त्या खोलीत मी एवढं बोलले आणि ते ऐकलं कुणी, तर टेबलावरच्या रेकॉर्डरने. मला रडू आलं आणि त्यातच हसूही आलं, आणि दोन्ही थंडीवर ढकलून मी रुमालाने नाक पुसलं. बस आली. सावनीने सॅक खांद्यावर घेतली, पायरीवर एक पाय ठेवला आणि तिला काय वाटलं कोण जाणे, वळून म्हणाली, "पण काय म्हणाला होतात तुम्ही, काकू?" या वेळी ती खरंच विचारत होती. पण ड्रायव्हर बघत होता, मागे माणसं होती, वारा दारातून आत शिरत होता. ते पायरीवर सांगण्यासारखं नव्हतं.

मी म्हटलं, "मंडेला छान बोल. तिघांना सारखं विचार, बी फार हळू बोलते, तिच्यासाठी थांब जरा. आणि कोपऱ्यात बसलेल्या माणसांना विचारू नकोस. ती उत्तर देतात." ती खळखळून हसली, "ओके काकू!" म्हणाली आणि आत गेली. बस माझीच होती. मी तिला हात केला आणि पुढच्या बसची वाट बघत उभी राहिले.